रेंजचा दगड

शाळेतली भूगोल शिकवायची नोकरी मी मुदतीच्या आधीच सोडली, तेव्हा घरच्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. इतकी वर्षं फळ्यावर निळ्या खडूने नद्या काढल्या होत्या. एखाद्या खऱ्या नदीशी आपला संबंध यावा असं मनात होतं. त्याच सुमारास पाणलोटाचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेला गावकऱ्यांशी बोलणारं माणूस हवं होतं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "समोरचे ऐकत नसले तरी बोलत राहता येईल का?" मी म्हटलं, "जेवणाच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गाला खारे वारे आणि मतलई वारे शिकवलेत." त्यांनी लगेच रुजू व्हायची तारीख सांगितली.

मला मिळालेलं गाव भिवापूरच्या बाजूचं, एका टेकडीच्या पायथ्याशी वसलेलं. त्या टेकडीवर एक लहान नदी उगम पावते असं नकाशात होतं. गावात तिला नदी म्हटलं तर लोक इकडेतिकडे बघायचे, कोणाबद्दल चाललंय म्हणून. ते तिला नालाच म्हणत, आणि संक्रांतीच्या आधीच तिच्या पात्रात जे काही उरायचं ते बघता त्यांचं बरोबर होतं. दगड, तरोट्याचं वाळलेलं तण आणि कोणाची तरी एकुलती एक चप्पल.

काम सांगायला सोपं होतं. टेकडीवर पडलेलं पाणी पळत सुटतं आणि जाताना माती घेऊन जातं. त्याला जागोजागी अडवायचं, बसवायचं, जमिनीत मुरवायचं. माथ्यावर आडवे चर खणायचे, घळीत दगडांचे बांध रचायचे आणि शेवटी पायथ्याच्या मामा तलावातला गाळ काढायचा. घरी हे सगळं समजावून सांगितल्यावर आमच्या ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "कोणाचा मामा?" माजी मालगुजारी तलाव, म्हणून मा. मा., म्हणून मामा, असं मी सांगितलं. हे म्हणाले, "तो मालगुजार कोणाचा तरी मामा असेलच की."

संस्थेने माझ्या जोडीला एक इंजिनिअर दिला होता. पुण्याचा, तिशीच्या आतला, मनाने फार चांगला आणि आमच्या उन्हाला अजिबात न सरावलेला. डोक्यावर नागपूरच्या बर्डी बाजारात घेतलेली टोपी, टोपीवर ओला दुपट्टा आणि दुपट्ट्यावर हेल्मेट. टेकडीवर डोक्यात काय पडणार आहे, असं विचारलं तर म्हणायचा, "नियम आहे, मॅडम." पाणी कुठून कसं येईल ते त्याला नुसत्या नजरेने कळायचं, पण आमच्या भाषेने त्याला पहिल्याच आठवड्यात घाम फोडला. एका सकाळी कोणीतरी येऊन सांगितलं, "सरपंचबाई तुमच्याकडेच येऊन राहिल्या." हा धावत माझ्याकडे आला. "मॅडम, त्या आपल्याकडे येऊन राहणार? माझ्या खोलीत तर एकच खाट आहे!" इकडे 'येऊन राहिल्या' म्हणजे नुसतं 'येताहेत', हे मी त्याला सांगितलं.

सरपंचबाई चाळिशीतल्या. माहेर अमरावतीकडचं, त्यामुळे बोलताना ळ आला की त्याचा य व्हायचा. मी आठवड्यातले चार दिवस त्यांच्याच घरी राहायची. पहिल्या बैठकीत त्या इंजिनिअरला म्हणाल्या, "साहेब, आमच्या तलावात लय गाय हाये. पार कमरेइतका."

इंजिनिअर उभाच राहिला. "मग बाहेर कशी काढायची? दोर आहे का गावात?"

"दोराचं काय काम हाये? फावडे लागन, टोपले लागन."

तो माझ्याकडे असा बघू लागला की मला समजावून सांगावंच लागलं. गाय नव्हे, गाळ. त्यावर तो खाली बसला आणि तांब्याभर पाणी प्यायला.

त्या बैठकीला माणसं आली ती चहापुरती. मी पाण्याबद्दल बोलले, मातीबद्दल बोलले, त्यांच्या मिरचीला शेवटचं पाणी मिळत नाही त्याबद्दल बोलले. सगळ्यांनी माना हलवल्या. "हाव मॅडम, बरोबर हाय." कोणी विरोध केला असता तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी श्रमदानाला टेकडीवर आम्ही दोघं, सरपंचबाई आणि त्यांनी "चाला मुकाट्यानं" म्हणून आणलेले त्यांचे यजमान, एवढेच होतो. बाकीचं गावही टेकडीवर होतं, पण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, वेगळ्याच कामासाठी.

गावात मोबाइलला रेंज नव्हती. भिवापूरकडचा टॉवर आणि गाव यांच्यामध्ये टेकडीची एक सोंड आडवी आली होती. टेकडीच्या निम्म्यावर, घळीच्या अगदी काठाला एक काळा चपटा दगड होता. गुडघ्याच्या वर उंच, दोन माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढा. जमिनीवर उभं राहिलं तर काही नाही, आणि त्या दगडावर चढून, भिवापूरकडे तोंड करून, फोन हात ताणून वर धरला की दोन काड्या यायच्या. फोन असा वर धरायचा म्हणजे कानाला लावता येत नाही, म्हणून स्पीकर लावायचा. स्पीकर लावला की बाजूच्या पळसाखाली आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. त्याचं कोणाला काही वाटत नसे. कोणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन, कोणाचा निकाल, कोणाच्या बहिणीचं भांडण, पळसाखाली बसलेल्या मंडळींना सगळं माहीत असायचं आणि बोलणारा खाली उतरला की त्याला सल्लाही मिळायचा.

मी पहिल्यांदा त्या दगडावर चढले तेव्हा माझा फोन आधी नुसता टुणटुणत राहिला. आमच्या ह्यांचे दोन दिवसांचे मेसेज एकदम येत होते. मग त्यांचाच फोन आला. मी स्पीकर लावला आणि हात वर केला.

"अवं, जिरं कुठं आहे?" टेकडीवर आवाज घुमला.

"डब्यात."

"कोणत्या डब्यात? इथं अकरा डबे आहेत. मी वरणात शहाजिरं टाकलं काल."

पळसाखालून एका बाईचा आवाज आला, "बाप्पा! वरनात शहाजिरं!"

"कोण आहे तिकडं?" ह्यांनी विचारलं.

"गाव आहे," मी म्हटलं.

त्यानंतर गावातली माणसं माझ्याशी बोलायला लागली. पाण्याबद्दल नाही, जिऱ्याबद्दल. पण बोलायला लागली.

दगडाची खरी गिऱ्हाइकं दोन. एक म्हातारी, सगळं गाव तिला बुढी म्हणायचं. तिची लेक सुरतेला दिली होती. रोज सकाळी ऊन तापायच्या आत बुढी काठी टेकत वर यायची, कोणीतरी हात देऊन तिला दगडावर बसवायचं आणि लेकीचा फोन यायचा. दोघी काय बोलायच्या? "जेवली का वं?" "जेवली. तू?" "मी बी जेवली." मग दोघी थोडा वेळ गप्प बसायच्या आणि तेवढ्यावर बुढी खूष होऊन उतरायची. दुसरा एक तरुण. त्याचं लग्न उमरेडकडच्या मुलीशी ठरलेलं होतं. तो संध्याकाळी यायचा आणि स्पीकरवर जेवढं प्रेम करता येतं तेवढं करायचा, म्हणजे हवामानाबद्दल बोलायचा. "तिकडं ऊन कसं हाय?" "लय हाय." "इकडं बी लय हाय." पळसाखालची मंडळी मान खाली घालून हसायची.

इंजिनिअर मात्र दगडाकडे कधी फिरकला नाही. त्याच्याकडे ज्या कंपनीचं सिम होतं तिला दगडावरही रेंज यायची नाही. घरी फोन करायचा झाला की तो मोटरसायकलने भिवापूरला जायचा. लोक तिथे का बसतात हे त्याने कधी विचारलं नाही. त्याला वाटायचं, सावलीला बसत असतील.

पुढची गोष्ट घडली ती शेजारच्या गावच्या एका लग्नाच्या दिवशी. भर उन्हाळ्यातलं लग्न. अख्खं गाव ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत बसून गेलं, मलाही नेलं. इंजिनिअर म्हणाला, "तुम्ही जा. मी घळीतला बांध संपवतो." भिवापूरहून त्याने चार मजूर आणले होते. दिवसभर आम्ही मांडवात बसून वडाभात खाल्ला आणि उन्हं उतरल्यावर परत आलो. तो टेकडीखालीच उभा होता. हेल्मेट काढलेलं, चेहरा लालबुंद आणि आनंदाने फुललेला.

"मॅडम, चला, दाखवतो. पायाला असा दगड मिळाला की विचारू नका! घळीच्या काठावरच होता. काळा, चपटा, दोन्ही बाजू सपाट. पहार लावली आणि खाली लोटला. जणू त्या जागेसाठीच घडवलेला होता."

माझ्या मागोमाग ट्रॉलीतून उतरलेला तो लग्न ठरलेला तरुण खिशातून फोन काढत टेकडी चढायला लागला होता. आम्ही खाली उभं राहून त्याच्याकडे बघत राहिलो. तो पळसापाशी पोचला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एक चक्कर मारली. मग खाली आम्हाला ओरडून म्हणाला, "दगड कोठी गेला?"

दगड उचलून पुन्हा जागेवर ठेवता आला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तो उपटताना घळीची कडही खचली होती. दगडाच्या जागी आता कमरेइतका खड्डा होता, आणि दगड बांधाच्या अगदी तळाशी, त्याच्यावर बाकीचे सगळे रचलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभा भरली. कोणी बोलावली नव्हती. आजवर चहा ठेवूनही जी माणसं आली नव्हती ती चहाशिवाय आली. समाजमंदिरात जागा पुरेना, तेव्हा पोरंसोरं खिडक्यांत चढली. मी गावाची एवढी उपस्थिती पहिल्यांदाच बघत होते आणि खरं सांगायचं तर, भीतीबरोबर थोडं समाधानही वाटत होतं.

इंजिनिअर भिंतीला टेकून उभा होता. बुढी सगळ्यांत पुढे बसली होती. तिने काठी उचलून त्याच्याकडे रोखली.

"माह्या पोरीचा आवाज तू नाल्यात टाकला गा."

"आजी, मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तं विचारा लागत होतं. आमी तठी कायले बसून राहतो? हवा खाले?"

"मला वाटलं, सावली…"

"सावली! घरी छप्पर नाई का आमच्या?"

लग्न ठरलेला तरुण उठला. "मले रोज फोन करा लागते. काल नाई केला. तिकडचे लोक काय म्हनत असन?"

कोणीतरी म्हणालं, "भिवापूरले जाऊन करून ये ना."

"सकाळीच जाऊन आलो. थे उचलून नाई राहिली."

सगळी सभा हळहळली. आता इंजिनिअर अपराध्यासारखा नुसता जमिनीकडे बघत होता. बायकांच्या बाजूने कोणी म्हणालं, खाट नेऊन ठेवा. खड्ड्यात खाट कशी राहील, असं पुरुषांनी विचारलं. मोहाच्या झाडावर चढा, असं एकाने सुचवलं. बुढीने त्याच्याकडे बघितल्यावर तो मागच्या रांगेत सरकला. शेवटी ठरलं की दगड बाहेर ओढून काढायचा. इंजिनिअर कळवळून म्हणाला, "बांध कोसळेल हो! तळाचा दगड आहे तो."

सरपंचबाई माझ्या कानाशी वाकल्या. "ओढू द्या त्याईले. थंडे होतीन."

दोर आणला. घळीत एकामागे एक माणसं उभी राहिली. एकाने आवाज दिला आणि सगळ्यांनी जोर लावला. दगड हलला नाही. पुन्हा जोर लावला. दगड हलला नाही, पण दोर तुटला आणि अख्खी रांग एका मागोमाग एक खाली बसली, पार शेवटच्या माणसापर्यंत. मग काठावरच्या बायकांमध्ये कोणाला तरी हसू फुटलं आणि ते थांबेचना. धुळीत बसलेले पुरुषही हसायला लागले.

इंजिनिअर माझ्याजवळ सरकला. हसायची त्याची हिंमत नव्हती, पण डोळे चमकत होते. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "एवढ्यांनी ओढूनही बांध हलला नाही. अशी चाचणी आम्हाला कधीच करता आली नसती."

पण हसून काही फोन लागणार नव्हते. त्या आठवड्यात गाव कसं सुतकात असल्यासारखं होतं. लग्न ठरलेला तरुण, तिने एकदा फोन उचलला नाही म्हणून, रुसून पुन्हा भिवापूरला गेलाच नाही. बुढी सकाळी नेहमीच्या वेळी उठायची, काठी घ्यायची आणि दारातच उभी राहायची. मी तिला दोनदा संस्थेच्या जीपने भिवापूरला नेलं. लेकीचा फोन लागला, पण बाजाराच्या गोंगाटात तिला काही सुचेना. "गाड्या लय हाय अठी," एवढंच लेकीला सांगून ती परतली. आमचे हे मात्र निवांत असणार असं मला वाटत होतं. शनिवारी घरी गेले तर पाची भांड्यांत एकच भाजी वेगवेगळ्या चवीची होती.

आणि मग एका सकाळी एक जीप धुरळा उडवत गावात शिरली. उमरेडकडचे सासरे त्यांच्या दोन भावांना घेऊन आले होते. जाडजूड मिशांचे, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"आमाले एवढंच सांगा," ते सरपंचबाईंच्या अंगणात उभं राहूनच म्हणाले, "हे लगन करायचं हाय का मोडायचं हाय? माह्या पोरीले सहा दिवस झाले फोन नाही."

"फोन करायचा तं दगड पाहिजे ना जी," सरपंचबाई म्हणाल्या.

"कोनता दगड?"

"रेंजचा. थो साहेबानं नाल्यात टाकला."

पाहुण्यांनी आपल्या भावांकडे बघितलं. "आजवर लय बहाने आयकले," ते म्हणाले, "पन दगड नाल्यात पडला म्हनून फोन नाई, हे पयल्यांदाच."

मग सरपंचबाईंनी त्यांना टेकडीवर नेलं. मागून आम्ही, मागून तो पांढराफटक पडलेला नवरदेव, मागून गाव. खड्डा दाखवला. घळीत उतरून बांध दाखवला, तळाचा काळा दगड दाखवला. पाहुण्यांनी वाकून त्याला हात लावून बघितला. इंजिनिअरने पुढे होऊन कबुली दिली. "तुमी टाकला?" "हो, मीच." "काहून?" "पाणी अडवायला." पाहुणे त्याच्या हेल्मेटकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना थोडं पटलं असावं, पण घरी वाट बघणाऱ्या बायकोला काय सांगायचं हा प्रश्न होताच. ते फोन हातात धरून चालायला लागले. टेकडी उतरले. फोन डावीकडे न्यायचा, उजवीकडे न्यायचा, वर धरायचा. अख्खं गाव त्यांच्या मागे निघालं.

असे फिरत फिरत ते मामा तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या मातीच्या भिंतीवर आले. तिथे टेकडीची ती आडवी सोंड संपते. आम्ही गाळाची खोली बघायला आधी एक मोठा खड्डा खणला होता आणि त्याची माती पाळीच्या पलीकडे ढीग घालून ठेवली होती. पाहुणे त्या ढिगावर चढले. अगदी टोकावर गेले. टाचा उंचावल्या. हात वर केला.

आणि फोन वाजला.

"हलू नका जी!" खालून दहा जणांनी एकदम ओरडून सांगितलं.

पाहुणे एका पायावर होते. ते तसेच थांबले. स्पीकर लागला आणि त्यांच्या बायकोचा आवाज तलावभर झाला.

"काय म्हनते थो पोट्टा? नाई म्हनते का?"

"थांब वं, लोक हायेत अठी…"

"असू द्या लोक! त्याले सांगून टाका, नसन करायचं तं नको करू. आपल्या पोरीले तलाठ्याचं स्थळ अजून हाये!"

नवरदेवाने माझ्या दंडाचा आधार घेतला.

"अवं, त्यायचा दगड नाल्यात पडला."

"कोन पडलं नाल्यात?" आवाज घाबरला. "जावई पडले?"

आता नवरदेवाला राहवलं नाही. तो ढिगावर धावत सुटला. "मी नाही पडलो, मामी, मी ठीक हावो!" असं ओरडत तो टोकावर पोचला आणि दोघांच्या वजनाने मऊ माती खचली. सासरे गुडघ्यापर्यंत रुतले, जावई कमरेपर्यंत. फोन कट झाला. पण त्याआधी तिकडून एका मुलीचं हसणं सगळ्या गावाने ऐकलं.

सासऱ्यांना ओढून काढल्यावर त्यांनी सदरा झटकला आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. मग ढिगाकडे बघून म्हणाले, "जागा बरोबर हाये. उंची कमी पडून राहिली. हा ढीग वाढवा लागन."

मी इंजिनिअरकडे बघितलं. इंजिनिअरने तलावाकडे बघितलं, कमरेइतक्या गाळाकडे. सरपंचबाईंनीच मग गावाकडे वळून विचारलं, "ढीग कायनं वाढवसान? मातीच पाहिजे ना? थे कोठी हाये?" आणि बोटाने तलाव दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तलावावर पोचलो तेव्हा आमच्या आधी गाव पोचलेलं होतं. फावडी होती, टोपली होती, दोन ट्रॅक्टर होते. वाळलेल्या मिरच्यांची देठं खुडायचं काम करणाऱ्या बायका सुट्टी घेऊन आल्या होत्या. त्यांनी नाकाला पदर बांधलेला असायचा, तो तसाच होता. पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. "अजून दोन हात उंच कर, सुरतची रेंज आली पाहिजे," असं काहीतरी चाललं होतं. मी तयार करून आणलेलं भाषण पिशवीतच ठेवलं आणि टोपलं उचललं.

तिसऱ्या दिवशी भांडण झालं. शेतकऱ्यांना तो काळा गाळ शेतात हवा होता. खत म्हणून त्याच्यासारखं काही नाही. तरुण मंडळींना तो ढिगावर हवा होता. एका ट्रॉलीला दोन्ही बाजूंनी माणसं लटकली. इंजिनिअरने तेव्हा प्रथमच आवाज चढवला. "अहो, काळ्या गाळाचा ढीग पुन्हा खचेल! सासरे विसरलात का? वरचा काळा गाळ शेतात न्या, खालचा मुरूम ढिगावर टाका." हे सगळ्यांना पटलं. फक्त मुरूम मिळायचा तर आधी सगळा गाळ काढावा लागणार होता. म्हणजे तलाव पूर्ण रिकामा करावा लागणार होता. हे त्याने जाणूनबुजून सांगितलं की कसं, मी त्याला विचारलं नाही.

बुढी रोज पाळीवर बसून देखरेख करायची. ढीग वाढला तसं तिने इंजिनिअरला बोलावून घेतलं. "मी वर कशी चढू गा?" त्याने तिच्यासाठी दगडी पायऱ्या काढून दिल्या, बुटक्या बुटक्या, वर बसायला सपाट जागा. बुढीने एक पायरी उंच झाली म्हणून पुन्हा करून घेतली. ज्या दिवशी ती वर जाऊन बसली आणि सुरतचा फोन लागला, त्या दिवशी काम थांबलं. सगळे टोपली खाली ठेवून ऐकत राहिले.

"जेवली का वं?"

"जेवली. तू कोठी होती एवढे दिवस, माय?"

"आमी तलाव खोदून राहिलो," बुढी म्हणाली, आणि पुढची दहा मिनिटं लेकीला काही बोलूच दिलं नाही.

पावसाळा आला आणि गेला. माथ्यावरचे चर भरले, मुरले, पुन्हा भरले. घळीतला बांध जागचा हलला नाही. त्याच्या मागे माती साठली आणि मातीवर गवत आलं. तलाव काठोकाठ भरला. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं आणि आठवड्याभरात आमच्या नवरदेवाचंही. वरातीत इंजिनिअरला नाचायला ओढलं. दमून माझ्या शेजारी येऊन बसला आणि धापा टाकत म्हणाला, "मॅडम, मी खूप नाचून राहिलो." मी म्हटलं, आता पुण्याला परत जाऊ नका, कोणाला समजायचं नाही.

त्या वर्षी गावाने मिरचीला दोन पाणी जास्त दिली. नाला होळीपर्यंत वाहत होता. एक दिवस सरपंचबाई माझ्याबरोबर काठाने चालताना सहज म्हणाल्या, "यंदा नदीले पानी हाये." नदी म्हणाल्या. घरी आल्यावर ते मी ह्यांना दोनदा सांगितलं.

आता संस्थेने आम्हाला खालच्या गावात पाठवलंय. तीच नदी, तोच गाळ. गेल्या महिन्यात पहिली बैठक झाली. मी पाण्याबद्दल बोलले, मातीबद्दल बोलले. सोबत आलेल्या सरपंचबाई पोटतिडकीने बोलल्या. समोर बसलेल्या माणसांनी माना हलवल्या, "हाव मॅडम," म्हणाले, आणि पुन्हा आपापल्या फोनमध्ये बघू लागले. तिथे घराघरात रेंज आहे. चारही काड्या. इंजिनिअर माझ्याकडे झुकून कुजबुजला, "मॅडम, इथे काय करायचं?" सरपंचबाईंनी ते ऐकलं. बशीतला चहा संपवला, सगळ्या सभेवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "पाहू. ह्याईचं बी काहीतरी असनच."

तूर्त आम्ही तिथे दर मंगळवारी जाऊन चहा पितो आहोत.